वर्षानुवर्षांचे ईमेल जपून ठेवताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सर्व्हरवरची जागा भरत आली की घाईघाईने जुने मेल संगणकावर उतरवायचे, लगेच मूळ प्रती हटवायच्या आणि काम झाले असे समजायचे, ही सर्रास पद्धत आहे. पुढे कधीतरी एखादा करार किंवा पावती शोधायला जावे, तर पाठवलेल्या मेलचा फोल्डर रिकामा निघतो, अटॅचमेंट गायब असतात, नाहीतर ती फाइल उघडणारा प्रोग्रामच उरलेला नसतो. यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. मोजण्याआधी उतरवले जाते आणि तपासण्याआधी हटवले जाते. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा आणि हटवण्याचा टप्पा येईपर्यंत सर्व्हरवरच्या एकाही मेलला हात लावू नका.

## टप्पा १: आधी मोजणी

एक साधी स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक खात्यातल्या प्रत्येक फोल्डरसाठी एक ओळ घ्या. तिच्यात मेलची संख्या, एकूण आकार, सर्वांत जुन्या मेलची तारीख आणि सर्वांत नव्या मेलची तारीख लिहा. पुढची सगळी पडताळणी याच तक्त्यावर होणार आहे, त्यामुळे हा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका.

फक्त इनबॉक्स मोजून थांबू नका. पाठवलेले मेल, मसुदे, 'अर्काइव्ह' नावाचा फोल्डर, आपोआप छाननी होऊन जिथे मेल जातात ते फोल्डर, हे सगळे तक्त्यात आले पाहिजे. जुन्या संगणकांच्या डिस्कवरही मेल पडून असतात. तिथे एमबॉक्स, पीएसटी, डीबीएक्स आणि ईएमएलएक्स या प्रकारच्या फाइली शोधा. एमबॉक्स म्हणजे एका फोल्डरचे सगळे मेल असलेली एकच फाइल, पीएसटी म्हणजे आउटलुकची साठवणीची फाइल, डीबीएक्स म्हणजे आउटलुक एक्सप्रेसचे फोल्डर, तर ईएमएलएक्स म्हणजे ॲपल मेलचे सुटे मेल. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामच्या एमबॉक्स फाइलींच्या नावाला सहसा शेपूट नसते, म्हणून एक्स्टेन्शनवरून त्या सापडणार नाहीत. त्यासाठी थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डरच उघडून पाहा.

नोकरीच्या ठिकाणचे खाते असेल तर तिथले मेल खासगी डिस्कवर घेण्याची परवानगी आहे का, हे उतरवण्याआधी विचारा.

सावध: न वापरलेली खाती मोजणीतून सुटतात आणि नेमकी तीच आधी जातात. गूगलच्या धोरणानुसार २ वर्षे वापर नसलेले वैयक्तिक खाते त्यातल्या मेलसकट हटवले जाऊ शकते. अशी खाती यादीत सर्वांत वर ठेवा.

## टप्पा २: जागा आणि स्वरूप ठरवा

मेलबॉक्सच्या आकाराच्या किमान तिप्पट मोकळी जागा हाताशी ठेवा: एक पट उतरवलेल्या मूळ फाइलींसाठी, एक पट वर्षवार वाटणीसाठी आणि उरलेली शोधाच्या इंडेक्ससाठी, म्हणजे कोणता शब्द कोणत्या मेलमध्ये आहे याच्या सूचीसाठी. मेलमधली अटॅचमेंट बेस६४ पद्धतीने अक्षरांत बदललेली असते आणि मूळ फाइलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. ३० एमबीची फाइल मेलमध्ये ४० एमबी जागा घेते. अंदाज करताना हे धरा.

डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही. आधीच एक्सफॅट, एनटीएफएस किंवा तुमच्या संगणकाची स्वतःची पद्धत निवडा.

आता स्वरूप. दीर्घकाळासाठी ईएमएल किंवा एमबॉक्स, या दोनांपैकीच एक घ्या. ईएमएल म्हणजे एक मेल, एक फाइल. आत आरएफसी ५३२२ या ईमेलच्या रचनेच्या प्रमाणात बसणारा मूळ मजकूर जसाच्या तसा असतो आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्येही त्याचे शीर्ष (पाठवणारा, तारीख, विषय वगैरे सांगणाऱ्या वरच्या ओळी) वाचता येते. एमबॉक्समध्ये एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत एकापाठोपाठ ठेवलेले असतात. हलवाहलवीला एमबॉक्स सोयीचा. मात्र फाइलीत मध्येच बिघाड झाला तर तिथून पुढचे वाचन गडबडू शकते. लाखभर ईएमएल फाइलींमधली एक बिघडली तर एकच मेल जातो, पण इतक्या सुट्या फाइली नकलायला तासन्‌तास लागतात. आमचा सल्ला असा: कायमच्या साठ्यासाठी वर्षाचा एक एमबॉक्स, आणि शोधण्यासाठी त्याच्यापासून काढलेली सुट्या मेलची प्रत.

पीएसटी हे आउटलुकचे स्वतःचे स्वरूप. ते उतरवण्याचा मधला मुक्काम म्हणून चालेल, कायमचा साठा म्हणून नको. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. २०१० पासून ती मूळ सेटिंगमध्ये ५० जीबी आहे. आउटलुकचीच ओएसटी ही फाइल तर निव्वळ तात्पुरती स्थानिक प्रत असते आणि त्या खात्याशी जखडलेली असते. ती दुसऱ्या डिस्कवर नकलून ठेवली म्हणजे मेल जपले, असे मुळीच नाही.

मेल पीडीएफ करून ठेवणे हाही साठा नव्हे. त्यात शीर्षाचा बहुतेक तपशील आणि अटॅचमेंट गळून पडतात. दहा-वीस फार महत्त्वाच्या मेलची वाचायला सोपी जादा प्रत म्हणून पीडीएफ ठीक.

## टप्पा ३: उतरवणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून खात्याच्या प्रकारानुसार पाहू.

### जीमेल

गूगल टेकआउट या स्वतःची माहिती उतरवून घेण्याच्या सेवेत फक्त 'मेल' निवडा. मेल एमबॉक्स स्वरूपात मिळतात आणि प्रत्येकाच्या शीर्षात 'एक्स-जीमेल-लेबल्स' ही ओळ येते, म्हणजे लेबले टिकतात. तयार झालेल्या फाइलींची लिंक साधारण आठवडाभरच चालते. ती आली की त्याच दिवशी सगळे भाग उतरवा.

आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून संगणकावरच्या प्रोग्राममध्ये दाखवण्याच्या पद्धतीने) उतरवायचे असेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये दोन गोष्टी पाहा. प्रत्येक लेबलासमोर 'शो इन आयमॅप' ही खूण आहे का, आणि फोल्डरमधल्या मेलच्या संख्येवर मर्यादा घातलेली तर नाही ना. ही मर्यादा कधीकाळी १,००० वर ठेवलेली असेल, तर प्रत्येक फोल्डरमधून फक्त १,००० मेल उतरतील आणि कोणताही इशारा मिळणार नाही. दुसरी अडचण दुबार प्रतींची. तीन लेबले असलेला मेल आयमॅपला तीन फोल्डरांत दिसतो, शिवाय 'ऑल मेल'मध्ये चौथ्यांदा. म्हणून एक तर टेकआउट वापरा, नाहीतर फक्त 'ऑल मेल' उतरवा. 'ऑल मेल'मध्ये स्पॅम आणि ट्रॅश येत नाहीत, तेव्हा चुकून स्पॅममध्ये गेलेले कामाचे मेल आधीच बाहेर काढा.

मोठ्या खात्याला वेळही लागतो. गूगल वर्कस्पेसमध्ये (संस्थांसाठीच्या गूगल खात्यांत) आयमॅपवरून दिवसाला २,५०० एमबी उतरवण्याची मर्यादा आहे, म्हणजे २० जीबीला किमान ८ दिवस. मध्येच जोडणी तुटली म्हणून पहिल्यापासून सुरुवात करू नका. तोच प्रोग्राम पुन्हा चालवा, राहिलेले मेल तो पुढे घेतो.

### इतर आयमॅप खाती, थंडरबर्ड वापरून

१. खाते आयमॅप म्हणूनच जोडा. पॉप या मेल उतरवून घेण्याच्या दुसऱ्या पद्धतीने सहसा फक्त इनबॉक्स येतो, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर उतरवल्यावर मूळ मेल सर्व्हरवरून जातात.

२. 'सबस्क्राइब' खिडकी उघडून सगळ्या फोल्डरांवर खूण करा. खूण नसलेला फोल्डर दिसतच नाही आणि मग उतरतही नाही.

३. खात्याच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'खाली सगळे मेल संगणकावर ठेवण्याची खूण करा, वयाची अट 'सर्व मेल' ठेवा आणि 'यापेक्षा मोठे मेल उतरवू नका' ही खूण काढा. ही शेवटची खूण राहिली तर नेमके मोठ्या अटॅचमेंटचे मेल निसटतात.

४. सगळे उतरेपर्यंत थांबा. मग 'लोकल फोल्डर्स'खाली वर्षवार फोल्डर करून मेल त्यांत कॉपी करा, मूव्ह करू नका. मूव्ह केल्याने सर्व्हरवरची प्रत जाते. एका वेळी दोन-तीन हजार मेलच घ्या, त्याहून मोठ्या गठ्ठ्याला प्रोग्राम अडकू शकतो.

५. 'इंपोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी' हे ॲड-ऑन घालून प्रत्येक फोल्डर एमबॉक्स म्हणून बाहेर काढा. त्याआधी फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करा, कारण हटवलेले मेलही तोवर त्याच फाइलीत पडून असतात.

कमांडची सवय असलेल्यांसाठी एमबीसिंक हे साधन उत्तम. त्यात फक्त सर्व्हरकडून संगणकाकडे खेचणारा एकमार्गी पर्याय ठेवा, दोन्ही बाजूंना बदल पोचवणारा नको. एमबीसिंक मेलडिर या रचनेत, म्हणजे एका मेलची एक फाइल अशा फोल्डरांत, मेल ठेवते. तिथे फाइलींच्या नावांत सहसा कोलन असतो आणि विंडोजला तो चालत नाही. शिवाय मराठी नावाचे फोल्डर डिस्कवर '&' ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसू शकतात, कारण आयमॅपमध्ये अशी नावे एका वेगळ्या संकेतात लिहिली जातात. मेल बिघडलेले नसतात. कोणते अगम्य नाव कोणत्या फोल्डरचे, हे तक्त्यात टिपून ठेवा आणि साठा हलवताना तो टार फाइलीत (अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या एका फाइलीत) बांधून हलवा.

### आउटलुक

क्लासिक आउटलुकमध्ये 'फाइल', 'ओपन अँड एक्सपोर्ट', 'इंपोर्ट/एक्सपोर्ट' असे जाऊन पीएसटी बनते. यादीत खात्याचे सर्वांत वरचे नाव निवडा आणि 'इन्क्लूड सबफोल्डर्स'वर खूण करा. पण त्याच्या आधी खात्याच्या सेटिंगमधली मेल ऑफलाइन ठेवण्याची पट्टी 'ऑल'पर्यंत सरकवा आणि सिंक पूर्ण होऊ द्या. ही पट्टी अनेकदा १ वर्षावर असते. तशीच राहिली तर पीएसटीमध्ये वर्षभराचेच मेल येतात आणि निर्यात मात्र यशस्वी झाल्यासारखी दिसते.

पीएसटी नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवून वापरू नका, ती बिघडते. तयार झाल्यावर लिबपीएसटी संचातल्या रीडपीएसटी या साधनाने तिचे एमबॉक्स किंवा सुटे मेल करा.

तपासणी: उतरवलेल्या प्रत्येक फोल्डरची संख्या पहिल्या टप्प्याच्या तक्त्याशी ताडा. मेल कमी भरले तर वरची एखादी खूण राहिली आहे. जास्त भरले तर एक तर दुबार प्रती आल्या आहेत किंवा एमबॉक्समध्ये मेल तुटले आहेत. एमबॉक्समध्ये प्रत्येक मेलची सुरुवात इंग्रजी 'फ्रॉम' आणि एक मोकळी जागा यांनी ओळखली जाते. एखाद्या मेलच्या मजकुरात ओळ याच शब्दाने सुरू झाली तर तिच्यापुढे '>' चिन्ह लावायचे असते. ते न लावणारे प्रोग्राम एका मेलचे दोन करतात. असे तुकडे तारीख किंवा विषय नसलेले, नाहीतर १९७० सालचे मेल म्हणून दिसतात. तारखेप्रमाणे लावून दोन्ही टोके पाहिली की लगेच सापडतात.

## टप्पा ४: छाननी, पण हात राखून

दुबार मेल काढायला मेसेज-आयडी ही प्रत्येक मेलची वेगळी ओळख सांगणारी शीर्षातली ओळ वापरा. विषय आणि तारीख यांवरून काढू नका, कारण एकाच विषयाची दोन वेगळी उत्तरे एकाच मिनिटात येऊ शकतात. मेसेज-आयडी सारखा असूनही प्रती वेगळ्या असण्याचा एक प्रसंग आहे: तुम्ही एखाद्या गटाला पाठवलेला मेल आणि गटाकडून तुम्हाला परत आलेली त्याची प्रत. 'पाठवलेले' आणि 'आलेले' हे दोन गट वेगळे ठेवून प्रत्येकात स्वतंत्रपणे दुबार शोधले की हा घोटाळा टळतो.

जाहिराती आणि सूचना यांचे मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून गाळा. महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय, असे एकेक मेल उघडून ठरवत बसू नका. हे काम कधीच पूर्ण होत नाही आणि आज नको वाटलेला मेलच पुढे हवा असतो.

जागा वाचवण्यासाठी मेलमधून अटॅचमेंट काढून टाकू नका. तसे केल्याने मूळ मेल बदलतो, त्यावरची डिजिटल सही जुळेनाशी होते आणि कोणती फाइल कोणत्या मेलची हा संबंध तुटतो.

वर्षवार वाटणी शीर्षातल्या 'डेट' ओळीवरून करा. एका खात्यातून दुसऱ्यात नकललेल्या मेलना काही प्रोग्राम नकलल्याची तारीख लावतात, म्हणून 'मिळाल्याची तारीख' या रकान्यावर विसंबू नका. तारीख उघडच चुकलेली असेल तर तो मेल 'तारीख संशयित' फोल्डरमध्ये टाका. अंदाजाने वर्ष ठरवू नका.

दोन प्रकारचे मेल वेगळे तपासा:

- लिंकवाले मेल. जीमेलमध्ये २५ एमबीपेक्षा मोठी फाइल अटॅचमेंट म्हणून जात नाही, तिची ड्राइव्हवरची लिंक जाते. संग्रहात ती फाइल नसते, नुसती लिंक असते. साठवणीच्या सेवांची नावे मजकुरात शोधा, हव्या त्या फाइली आजच उतरवा आणि मेलच्या तारखेने नाव देऊन शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवा.
- सांकेतिक मेल. एस/माइम किंवा पीजीपीने बंद केलेले मेल खासगी किल्लीशिवाय उघडत नाहीत आणि त्यांच्या मजकुरात शोधताही येत नाही. प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून जुनी किल्ली फेकू नका. मुदतीनंतरही जुने मेल त्याच किल्लीने उघडतात.

## टप्पा ५: गोठवणे आणि ठसे घेणे

आता वर्षाचा एक एमबॉक्स तयार असेल. नावात वर्ष आधी लिहा, मग खाते, मग 'आलेले' किंवा 'पाठवलेले'. त्यासाठी रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेघ एवढेच वापरा. सुटे ईएमएल काढताना मेलचा विषयच फाइलीचे नाव होऊ देऊ नका. विषयातले प्रश्नचिन्ह, कोलन आणि तिरकी रेघ विंडोजला चालत नाहीत, आणि फोल्डरसह नाव २६० अक्षरांपलीकडे गेले तर अनेक प्रोग्राम ती फाइल लिहीतच नाहीत. तारीख, वेळ आणि अनुक्रमांक पुरे.

प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखीची अक्षरमालिका, काढून यादी करा. विंडोजमध्ये सर्टयुटिल, मॅकमध्ये शासम आणि लिनक्समध्ये एसएचए२५६सम ही साधने असतात. यादी साठ्याबरोबर ठेवा आणि तिची एक प्रत दुसरीकडेही ठेवा. फाइलीतले एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळे पाच वर्षांनी डिस्कवरची फाइल धड आहे की नाही याचे उत्तर काही मिनिटांत मिळते.

शेवटी एक साधी टेक्स्ट फाइल लिहा: कोणती खाती, कोणत्या काळातले मेल, कोणते स्वरूप, काय गाळले, कुठल्या प्रोग्रामने उघडते. हा साठा उघडणारी व्यक्ती तुम्हीच असाल असे नाही.

सावध: फाइली गोठवल्यानंतर त्या थंडरबर्डमध्ये थेट उघडू नका. प्रोग्राम नुसते वाचतानाही मेल वाचल्याची खूण फाइलीत लिहू शकतो, आणि मग ठसा जुळत नाही. नेहमी नक्कल उघडा.

## टप्पा ६: तीन प्रती

तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. त्यांतली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू झिरपून जातो. कपाटात ठेवायला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बरी, तीही वर्षातून एकदा जोडून ठसे ताडून पाहायची. सिंक होणारा क्लाउड फोल्डर ही तिसरी प्रत धरू नका, कारण इथे चुकून हटवलेली फाइल तिथूनही जाते.

बाहेर जाणारी प्रत सांकेतिक करा. वेराक्रिप्ट किंवा ७-झिपची एईएस-२५६ पद्धत चालेल. ७-झिपमध्ये फाइलींची नावेही झाकायची असतील तर ७झेड स्वरूप घेऊन तशी खूण करावी लागते, झिप स्वरूपात नावे उघडीच राहतात. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळ्या ठिकाणी ठेवा. पासवर्ड हरवला तर साठा गेला, त्यावर कोणताही उपाय नाही.

## टप्पा ७: शोधाची सोय

इंडेक्स साठ्यापासून वेगळा ठेवा. तो कधीही पुन्हा बनवता येतो, म्हणून त्याची चिंता नको. नॉटमच आणि म्यू ही साधने सुट्या मेलवर वेगाने चालतात, एमबॉक्स त्यांना चालत नाही. रीकॉल एमबॉक्सही वाचते आणि अटॅचमेंटमधला मजकूरही धुंडाळते. विंडोजवर घरगुती वापरासाठी मेलस्टोअर होम मोफत आहे. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसून चित्र असते. टेसरॅक्टसारख्या साधनाने त्याच्या नकलेवर अक्षरओळख चालवा, त्यात मराठीची सोय आहे.

देवनागरी मेल शोधताना खालच्या अडचणी हमखास येतात:

१. एमबॉक्स फाइलीत थेट शब्द शोधून देवनागरी मजकूर बहुधा सापडत नाही. विषय आणि मजकूर बेस६४ किंवा तत्सम संकेतात असतो. आधी इंडेक्स, मग शोध.

२. इंडेक्स पूर्ण शब्द जुळवतो. 'पावती' शोधले तर 'पावत्या' आणि 'पावतीची' सुटतात. बदल न होणारा आरंभ घ्या आणि पुढे तारा लावा: 'पावत*'. 'नोंदणी'साठी 'नोंद*', 'पाणी'साठी 'पाण*'.

३. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टंकले जाते: एकसंध, किंवा 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन संकेत जोडून. 'खऱ्या'मधला 'ऱ्'ही असाच दोन प्रकारांनी येतो. डोळ्यांना सारखे, संगणकाला वेगळे. सापडले नाही तर दुसऱ्या प्रकारे टंकून पाहा किंवा त्या मेलमधला वेगळा शब्द घ्या.

४. कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फाँटांतला मजकूर आत रोमन चिन्हांत असतो. युनिकोड शब्दाने तो कधीच सापडणार नाही. मूळ मेल तसाच ठेवा, महत्त्वाच्या मजकुराची युनिकोड नक्कल शेजारी ठेवा आणि बाकीचे पाठवणारा व तारीख यांवरून शोधा.

## टप्पा ८: परत उघडून पाहा, मगच हटवा

साठा जिथे बनवला त्याहून वेगळ्या संगणकावर, शक्यतो वेगळ्या प्रोग्राममध्ये, एक प्रत उघडा. मग हे मेल काढून पाहा: सर्वांत जुना, सर्वांत नवा, सर्वांत मोठ्या अटॅचमेंटचा, देवनागरी विषयाचा, पाठवलेल्यांपैकी एक आणि प्रत्येक फोल्डरमधला किमान एक. अटॅचमेंट नुसती दिसून पुरत नाही, ती उघडा.

हे सगळे जमले की सर्व्हरवरून एका वेळी एकच वर्ष हटवा, सर्वांत जुने आधी. शेवटची दोन-तीन वर्षे सर्व्हरवरच राहू द्या. हटवताना सिंक करणारे सगळे प्रोग्राम बंद ठेवा. ट्रॅश लगेच रिकामा करू नका. अनेक सेवा तो ३० दिवसांनी आपोआप रिकामा करतात, तेवढी मुदत चूक लक्षात यायला उपयोगी पडते.

पुढे दर जानेवारीत फक्त सरलेल्या वर्षाची भर घाला. गोठवलेल्या वर्षांच्या फाइली पुन्हा उघडून त्यांत मेल मिसळू नका. उशिरा सापडलेल्या मेलसाठी त्या वर्षाची 'पुरवणी' फाइल करा, तिचा ठसा यादीत जोडा आणि त्याच बैठकीत तिन्ही प्रतींवर नेऊन ठेवा.